टाळी न वाजवणारा माणूस

प्रिय भाचीबाई,

तुझा मेसेज मिळाला. ‘मामा, तुझ्या त्या बार्टन हॉलवरून मी रोज जाते-येते. आत मुलं पळण्याचा सराव करतात, बाकी काही नाही,’ असं लिहून खाली तू जो प्रश्न टाकलास, त्याचं उत्तर फोनवर टाइप करण्याइतकं लहान नाही. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या तिथल्या ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाची अधिकृत सीडी मिळते, आवाज लख्ख आहे, मग मामा अजून ती शिट्ट्यांची आणि खोकल्यांची टेप का ऐकतो? हाच प्रश्न तुझ्या मामीने लग्नानंतर लगेच विचारला होता, फक्त तिचा सूर कपाटातल्या जागेबद्दलचा होता. तेव्हा उत्तर दोघींनाही देतो, आणि चारचौघांत देतो.

आधी त्या रात्रीबद्दल. तो मदर्स डे होता आणि मे महिना असूनही तुझ्या इथाकात बर्फ पडला होता. त्या मैफलीच्या दोन तऱ्हेच्या टेप आहेत. एक बेटी कँटर-जॅक्सनची. ती बँडची स्वतःची रेकॉर्डिस्ट, आणि तिची टेप थेट मिक्सरवरून घेतलेली, म्हणजे साउंडबोर्डची. पुढे बँडशी तिचा संबंध तुटला, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये तिच्या टेपांच्या पेट्याच लिलावात गेल्या. तिथून त्या हातोहाती फिरल्या आणि या कार्यक्रमाची ख्याती इतकी वाढली की २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. अधिकृत सीडी आली २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी. दुसऱ्या तऱ्हेच्या टेप श्रोत्यांत बसून, माइक धरून केलेल्या. मी ऐकतो ती यातली.

फरक काय, ते नीट सांगतो. साउंडबोर्डवर रंगमंचावरच्या प्रत्येक माइकची तार येते आणि तिथूनच एक तार रेकॉर्डरकडे जाते. त्यात हॉल नसतोच. शिवाय मिक्सरवाला सहसा आवाज जुळवतो तो समोरच्या माणसांसाठी, टेपसाठी नाही. लहान जागेत गिटारचे अॅम्प आणि ड्रम मुळातच इतके दणदणीत वाजतात की स्पीकरमधून ते फारसे द्यावे लागत नाहीत. मग साउंडबोर्डच्या टेपवर कित्येकदा गायक कानाशी आणि ड्रम मात्र शेजारच्या खोलीत, असं होऊन बसतं. श्रोत्यांतल्या माइकला हे सगळं एकत्र, हवेतून, छताला आपटून आलेलं मिळतं. त्यात हजारो अंगं आवाज शोषतायत, मागे कुणीतरी आपल्या मित्राला हाका मारतोय, आणि एखादं गाणं सुरू झाल्यावर ते ओळखायला लोकांना नेमका किती वेळ लागला हेही टिपलेलं असतं. काय वाजवलं ते बेटीच्या टेपवर कळतं. काय ऐकू आलं ते कळायला दुसरीच टेप लागते.

तुला हे परकं वाटायचं कारण नाही. तुझ्या आजोबांच्या स्पुलांवर कुमार गंधर्वांच्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरांच्या खासगी मैफली होत्या. त्यांत तानपुरे लावताना चाललेली कुजबुज होती, एखादी जागा आल्यावर पहिल्या रांगेतून येणारं ‘क्या बात है’ होतं. ती दाद कापून काढा आणि फक्त गाणं ठेवा, असं आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं असतं. गवय्याने ती जागा पुन्हा का घेतली, हे त्या दादेशिवाय कळत नाही. रॉकच्या मैफलीतही हेच घडतं, फक्त दाद देणारे वीस हजार असतात आणि बसायला सतरंजी नसते.

मैफलीत जाऊन आवाज टिपायची ही हौस रॉकच्याही खूप आधीची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एडिसनचा फोनोग्राफ घेऊन चालू प्रयोग मेणाच्या सिलिंडरांवर उतरवायला सुरुवात केली. आधी प्रॉम्प्टरच्या खोक्यातून, मग रंगमंचाच्या वरच्या फळीवरून. आवाज मुंगीएवढा आणि खरखर डोंगराएवढी. पण जाँ द रेश्के हा त्या काळचा केवढा तरी मोठा गायक आज जेवढा ऐकू येतो, तेवढा केवळ या सिलिंडरांमुळे. पुढे १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेट्टी हा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्करच्या मागे यंत्र घेऊन क्लबांमधून फिरला. तो इतका एकनिष्ठ की पार्करचं वाजवणं संपलं की यंत्र बंद, बाकीच्यांनी काहीही वाजवो. हे दोघेही वेडे होते यात वाद नाही. पण त्या रात्री जे शहाण्यासारखे नुसतं ऐकून घरी गेले, त्यांच्या कानातलं आज काही उरलेलं नाही.

रॉकमध्ये हे पेटलं १९६९ च्या शेवटी. त्या नोव्हेंबरात ओकलंडला रोलिंग स्टोन्स वाजवत असताना एकजण सेनहायझरचा लांब शॉटगन माइक आणि उहेरचा बॅटरीवर चालणारा स्पूल रेकॉर्डर घेऊन श्रोत्यांत होता. त्याची तबकडी वर्ष संपायच्या आत चोरून विकली जाऊ लागली आणि नावाजलेल्या समीक्षकांनी तिचं कौतुक केलं. स्टोन्सनी पुढच्या वर्षी स्वतःचा लाइव्ह अल्बम काढला, त्यामागे या तबकडीचा धक्का होता असं अनेकजण मानतात. सप्टेंबर १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये लेड झेपेलिनचीही अशीच रात्र टिपली गेली. चोरबाजारातल्या त्या तबकडीला नाव मिळालं ते त्यांनी शेवटी वाजवलेल्या, फॅट्स डॉमिनोने गाजवलेल्या गाण्यावरून.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. माइक मिलार्ड. लॉस एंजेलिसच्या परिसरातला टेपर, म्हणजे श्रोत्यांत बसून मैफली टिपणारा. त्याच्याकडे नाकामिची ५५० हा कॅसेट डेक आणि एकेजीचे माइक होते. डेक नावाला पोर्टेबल, पण खिशात मावण्यातला नव्हे. तो दारावरून आत न्यायचा कसा? मिलार्ड चाकांच्या खुर्चीत बसायचा, डेक खुर्चीखाली, आणि मित्र ढकलत आत न्यायचा. हे फसवणुकीचंच काम, त्याचं समर्थन करत नाही. पण त्याने केलेली २१ जून १९७७ ची झेपेलिनची फोरममधली टेप ऐक. जॉन बॉनमचा ड्रम छातीवर येतो. त्या दौऱ्यातल्या साउंडबोर्डच्या टेप मी ऐकल्या आहेत. त्यांत नोंद आहे, वजन नाही.

आणि मिलार्ड त्या तीन तासांत काय करत होता, याचा विचार कर. डोक्याजवळ माइक लावलेला माणूस टाळी वाजवू शकत नाही. ओरडू शकत नाही, गाण्याच्या ओळी म्हणू शकत नाही. मान जोरात हलवली तर आवाज या कानातून त्या कानात जातो. शेजारचा बडबड्या असेल तर त्याला गोडीत गप्प करायचं, आणि तेही माइकपासून तोंड फिरवून. नव्वद मिनिटांची कॅसेट एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं चालते, पण झेपेलिनचं एकच गाणं अर्धा तास चालू शकतं. म्हणजे एक डोळा घड्याळावर, एक रंगमंचावर, आणि दोन गाण्यांच्या मधल्या फटीत अंधारात कॅसेट उलटायची. बॅटरी उतरत आली तर मोटर मंदावते, मग घरी वाजवताना सगळं चढ्या सुरात पळायला लागतं. एवढं सगळं सांभाळणारा माणूस त्या रात्री मजा किती करत असेल? हॉलमधल्या हजारोंपैकी आपल्या आनंदावर पाणी सोडून बसलेला तो एकटाच. तोही अशा लोकांसाठी, जे तिथे नव्हते. त्यांच्यात तुझा मामा आला.

कारण आम्हाला मिळत काय होतं? मी कॉलेजात होतो तेव्हा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तबकड्या चाळायचो. तिथे अल्बम असायचे, मैफली नाहीत. झेपेलिनचा तर १९८० साली बॉनम गेल्यावर कारभारच आटोपला. जेथ्रो टल आणि डीप पर्पल मुंबईत आले ते नव्वदच्या दशकात, स्टोन्स ब्रेबॉर्नवर उभे राहिले ते २००३ मध्ये. आले याचा आनंद आहेच, पण १९७५ चं लॉस एंजेलिस मला कोणताही आयोजक आणून देणार नव्हता. ते मिलार्डसारख्यांनी दिलं.

१९७५ म्हटलं की पिंक फ्लॉइड. त्या वर्षी एप्रिलच्या २६ तारखेला लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनात मिलार्डने त्यांची मैफल टिपली. ‘विश यू वेअर हिअर’ बाजारात यायला अजून साडेचार महिने होते. म्हणजे तिथले बहुतेक लोक त्यातली गाणी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच रात्री त्यांनी आणखी दोन लांबलचक गाणी वाजवली. तीच पुढे नावं, शब्द आणि अंगरखा बदलून १९७७ च्या ‘अॅनिमल्स’वर ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ म्हणून आली. ‘डार्क साइड ऑफ द मून’ची गोष्ट तर त्याहून नवलाची. अल्बम आला मार्च १९७३ मध्ये, पण फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात ते सबंध वाजवत होते आणि श्रोत्यांत टेप फिरत होती. त्या टेपवर जिथे आज आपण अल्बमवर गायिका क्लेअर टॉरीचा तो आक्रोश ऐकतो, तिथे ऑर्गन आणि धार्मिक वचनं आहेत. ‘ऑन द रन’च्या जागी सिंथेसायझर नाही, गिटारची धावपळ आहे. अल्बम ऐकताना वाटतं की हे असंच असणार होतं, दुसरं काही शक्यच नव्हतं. टेप सांगते की वर्षभर आधी ते वेगळंच होतं आणि लोकांपुढे वाजवत वाजवत ते घडलं. कलाकारांना ही अवस्था सहसा दाखवायची नसते, स्टुडिओ ती ठेवत नाही. ती श्रोत्याकडेच राहते.

कधी तर गाण्यापेक्षा आजूबाजूचंच जास्त मोलाचं ठरतं. २३ ऑगस्ट १९७० ला न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या ठिकाणी व्हेल्वेट अंडरग्राउंड वाजवत होतं. अँडी वॉरहॉलच्या गोतावळ्यातली ब्रिजिड बर्लिन टेबलावर साधा मोनो कॅसेट रेकॉर्डर ठेवून बसली होती. गायक लू रीडची त्या बँडबरोबरची ती शेवटची रात्र. गाण्यांच्या मधे कवी जिम कॅरल पेय मागवताना ऐकू येतो, गप्पा चाललेल्या असतात, एक थोर बँड संपतोय आणि त्याची टेबलावर कुणाला गंधवार्ता नाही. कंपनीने ती टेप १९७२ साली गप्पांसकट अल्बम म्हणून काढली. त्याच बँडमागे १९६९ मध्ये रॉबर्ट क्वाइन नावाचा तरुण कॅसेट रेकॉर्डर घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत फिरला होता. तो पुढे स्वतः नामांकित गिटारिस्ट झाला, लू रीडच्याच बँडमध्ये वाजवू लागला, आणि त्याच्या त्या टेप २००१ मध्ये तीन सीडींत निघाल्या. इतकं लक्ष देऊन ऐकलेलं हातात उतरल्याशिवाय कसं राहील?

आता जी बाजू तू काढशीलच, ती मीच काढतो. ही चोरी नाही का? ज्याने वाजवलं त्याला विचारलं होतं का? नव्हतं. झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट अशा लोकांची यंत्रं फोडायचा. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला तर त्याच्या माणसांनी ध्वनिप्रदूषण मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं यंत्रच बूटलेगवाल्याचं समजून फोडलं. किंग क्रिमझनच्या रॉबर्ट फ्रिपला श्रोत्यांतलं रेकॉर्डिंग मुळीच खपत नाही, आणि त्याचं म्हणणं मी धुडकावत नाही. वाईट लागलेली रात्र विसरली जावी, हा कलाकाराचा हक्क आहे. फ्रँक झॅपाने वेगळा सूड घेतला. चोरांनी काढलेल्या तबकड्यांच्याच जशाच्या तशा नकला करून त्याने १९९१ मध्ये त्या आपल्या नावाने बाजारात आणल्या.

ग्रेटफुल डेडने मात्र भांडण मिटवून टाकलं. त्यांच्या जेरी गार्सियाची भूमिका अशी की वाजवून झालं, आता ते लोकांचं. १९८४ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी टेपरांसाठी वेगळी तिकिटंच ठेवली. मिक्सरच्या मागे माइकच्या काठ्यांचं रान उभं राहायचं. अट एकच, विकायचं नाही. त्या एका अटीवर केवढा व्यवहार चालला! ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही, त्या नवख्याने दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा भरून परत पाठवायचा. एका मास्टरवरून पाचजणांना, त्या पाचांकडून पंचवीस जणांना. प्रत्येक नकलेत टेपची सरसर थोडी वाढायची, म्हणून कॅसेटवर लिहायचं की ही कितव्या पिढीची. नव्वदच्या दशकात हीच साखळी टपालाने आपल्या घरापर्यंत आली. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, त्या माणसांनी माझ्यासाठी रात्री जागून कॅसेट भरल्या.

इथे मला आजोबांची आठवण येते ती थोड्या नाराजीने. त्यांच्या मंडळीत दुर्मीळ मैफल असणं ही प्रतिष्ठा होती. ‘ऐक, पण नक्कल मागू नकोस.’ मिलार्डही आपल्या नकलांवर गुप्त खुणा ठेवायचा, कुणी फोडली ते कळावं म्हणून. दोघांची भीती मी समजू शकतो, कारण फुकट दिलेलं दुसरा कुणी विकू शकत होता. पण त्या दडवण्यापायी काय झालं बघ. आजोबांच्या मित्रांची कित्येक स्पुलं बुरशीने गेली. मिलार्ड १९९४ मध्ये वारला, आणि त्याच्या मूळ टेप नष्ट झाल्या अशीच वर्षानुवर्षं समजूत होती. गेल्या काही वर्षांत त्या बाहेर येऊ लागल्या, आणि २०२५ च्या डिसेंबरात खुद्द पिंक फ्लॉइडने स्पोर्ट्स अरीनाची त्याची टेप संगीतकार स्टीव्हन विल्सनकडून डागडुजी करून ‘विश यू वेअर हिअर’च्या पन्नाशीच्या आवृत्तीत घातली. ज्याला दारावर हुडकत होते, त्याचं आता बोलावून कौतुक. ते पाहायला तो नाही.

म्हणून तुला कामं सांगतो. माझ्या हार्ड डिस्कची एक प्रत पुढच्या सुट्टीत तुला देणार आहे. त्यातल्या फाइली फ्लॅकमध्ये आहेत. जागा वाचवायला त्यांच्या एमपीथ्री करून पुढे देऊ नकोस, त्यात जे गळतं ते परत येत नाही. सरसर जाते म्हणून सॉफ्टवेअरने आवाज धुऊ नकोस, तिच्याबरोबर झांजांचं टोकही जातं. वेग चुकला असेल तर जरूर दुरुस्त कर, अॅम्पच्या गुणगुणीवरून तो ताडता येतो, तुला अभियांत्रिकी येते. ग्रेटफुल डेडचं बरंचसं इंटरनेट आर्काइव्हवर आहेच. २००५ मध्ये तिथे साउंडबोर्डच्या टेप उतरवून घ्यायला बंदी आली, श्रोत्यांच्या टेप मात्र पुन्हा खुल्या झाल्या. बँडची तार बँडची, हवेतला आवाज ऐकणाऱ्यांचा, ही वाटणी मला न्याय्य वाटते.

तू आणि तुझ्या मैत्रिणी मैफलीत फोन उंच धरून गाता, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही गायलाच हवं, गाणारे नसतील तर टेपवर येईल काय? पण कधीतरी एखाद्या छोट्या हॉलमध्ये, ज्या बँडचं अजून नाव झालेलं नाही त्याला विचारून, एक बरा रेकॉर्डर ठेव आणि तास-दोन तास तोंड मिटून बस. तुला जड जाईल, मला ठाऊक आहे.

प्रत्येक मैफलीच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल आहे. तारीख, जागा, माइक कुठला, डेक कुठला, कितवी पिढी, संगणकावर कुणी उतरवली. कुणाला प्रत देशील तेव्हा ती फाइल बरोबर जायलाच हवी, आणि पैसे घ्यायचे नाहीत. टेपरचं नाव असेल तिथे ते पुसलं जाऊ देऊ नकोस. नाव कळत नसेल तिथे ‘टेपर अज्ञात’ असं लिही, पण ती ओळ रिकामी सोडू नकोस.

तुझा,
मामा